जुन्या गाडीचा केबलवरचा मीटर सेन्सरवर आणताना

अँबॅसिडर, फियाट-पद्मिनी किंवा जुनी जीप हौसेनं घेतलेल्या बहुतेकांची एक तक्रार असते: गाडी चालते, मीटर चालत नाही. काटा शून्यावर पडून असतो, नाहीतर चाळीस ते सत्तरच्या मध्ये थरथरत असतो. मग कुणीतरी सुचवतं, ‘डिजिटल लावून टाक.’ डॅशबोर्ड कापून चिनी डिजिटल डिस्प्ले बसवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. तसं करू नका. मूळ डायल, मूळ काटा आणि किलोमीटरचे आकडे फिरवणारी मूळ चाकं जागच्या जागी ठेवून आतलं काम इलेक्ट्रॉनिक करता येतं. सोल्डरिंग आणि मल्टिमीटर येत असेल तर घरी जमतं.

आधी केबल काढून बघा

बंद मीटरमध्ये बहुतेक वेळा दोष मीटरचा नसतो, गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत फेरे पोचवणाऱ्या केबलचा असतो. मीटरच्या पाठीमागची चकती हातानं सैल करून केबल ओढून घ्या, मागची चाकं जॅकवर घेऊन फिरवा आणि आतली तार फिरते का पाहा. फिरत नसेल तर तार तुटली आहे किंवा गिअरबॉक्सकडचं तिचं चौकोनी टोक झिजलं आहे. तार फिरतेय, पण काटा थरथरतोय, तर केबल कोरडी पडली आहे किंवा कुठेतरी फार अरुंद वळणातून नेली आहे. काटा नीट चालतो आणि फक्त किलोमीटर पुढे सरकत नाहीत, तर आतला छोटा गिअर गेला आहे. उलट किलोमीटर पडतात आणि काटा हलत नाही, तर काट्याची स्प्रिंग किंवा वाटी बिघडली आहे.

यातला केबलचा दोष नवी केबल टाकून जातो. केबलला ग्रीस लावताना वरचं, मीटरकडचं वीतभर टोक कोरडं ठेवायचं. तिथलं ग्रीस हळूहळू मीटरमध्ये चढतं आणि मग काटा वरच अडकून बसतो.

मग एवढा उपद्व्याप करायचा कधी? गिअरबॉक्स बदललेला असेल तेव्हा. जुन्या अँबॅसिडरमध्ये नंतरचं इसुझूचं 1.8 लिटर इंजिन आणि त्याचा पाच गिअरचा गिअरबॉक्स टाकलेला अनेकदा दिसतो. अशा वेळी जुनी केबल बसत नाही, आणि खटपट करून बसवली तरी आकडा चुकीचा येतो. डिफरन्शिअलचं (मागच्या चाकांना गती वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं) गुणोत्तर किंवा टायरचं माप बदललं असेल, किंवा त्या लांबीची केबल मिळतच नसेल, तरीही हा मार्ग घ्यावा.

मीटर आतून कसा चालतो

ही रचना जर्मन अभियंता ओट्टो शुल्झे यांनी 1902 मध्ये पेटंट केली आणि शंभर वर्षं ती जवळपास तशीच राहिली. केबलच्या टोकाला एक चुंबक फिरतो. त्याच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची हलकी वाटी असते, काटा त्या वाटीच्या दांडीवर बसलेला असतो. चुंबक वाटीला शिवत नाही. तो फिरतो तेव्हा वाटीत भोवरी प्रवाह (धातूत गोल फिरणारी वीज) तयार होतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. वेग जितका जास्त तितकी ओढ जास्त, तितका काटा पुढे. त्याच चुंबकाच्या दांडीवरच्या वर्म गिअरमधून किलोमीटरचे आकडे फिरतात.

म्हणजे ही दांडी कोण फिरवतंय याच्याशी मीटरला काही देणंघेणं नाही. केबलनं फिरवा, ड्रिल मशीननं फिरवा, छोट्या मोटरनं फिरवा. फेरे बरोबर असले की काटाही बरोबर आणि किलोमीटरही बरोबर.

यातून दोन रस्ते निघतात. पहिला: मीटर न उघडता त्याच्या पाठीमागे छोटी मोटर बसवायची, आणि सेन्सरवरून वेग मोजून ती मोटर हव्या त्या फेऱ्यांनी फिरवायची. दुसरा: मीटर उघडून चुंबक, वाटी, स्प्रिंग काढायची आणि काट्याखाली स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी) बसवायची. नवख्या माणसानं पहिलाच रस्ता धरावा असं माझं ठाम मत आहे. मूळ मीटरला स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही, किलोमीटर मोजणं चालू राहतं, आणि उद्या मन बदललं तर पुन्हा केबल लावता येते. दुसरा रस्ता मीटरचं आतलं खरंच गेलं असेल तरच.

जीपीएसवर चालवायचं का, हेही लोक विचारतात. जीपीएसला गाडीखाली काही बसवावं लागत नाही, टायरचं माप लागत नाही, हे खरं. पण निओ-6एमसारखं स्वस्त मॉड्यूल कारखान्यातून येतं तेव्हा सेकंदाला एकदाच वेग सांगतं. वाढवलं तर सेकंदाला पाचदा. ब्रेक मारल्यावर काटा मागाहून उतरतो, आणि एक्स्प्रेसवेवर भाताणच्या किंवा कामशेतच्या बोगद्यात शिरलात की उपग्रह गायब. मी जीपीएस फक्त मीटर जुळवताना वापरतो, तेही फोनवरचं.

सेन्सर कुठे बसवायचा

मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत सर्वांत सोयीची जागा म्हणजे डिफरन्शिअलच्या तोंडाशी, जिथे प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) चार बोल्टनी जोडलेला असतो. शाफ्टला चुंबक चिकटवून हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा) लावणं हा प्रचलित मार्ग आहे. पण चिकटवलेला चुंबक एखाद्या पावसाळ्यात सुटतो, आणि एकाच बाजूला जास्त वजन झालं तर शाफ्ट थरथरतो. त्यापेक्षा बोल्टची डोकीच मोजा. त्यासाठी बारा मिलिमीटर व्यासाचा इंडक्टिव्ह प्रॉक्झिमिटी सेन्सर मिळतो, कारखान्यांतल्या मशीनवर असतो तोच. लोखंड जवळ आलं की तो सिग्नल देतो, चिखल आणि ऑइलची पर्वा करत नाही. घेताना तीन गोष्टी बघा: 10 ते 30 व्होल्टवर चालणारा, एनपीएन प्रकारचा, आणि सेकंदाला किमान 500 वेळा स्विच होणारा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास विचारलंत तर मिळून जाईल.

सेन्सरची पट्टी डिफरन्शिअलच्या हाउसिंगवरच्याच एखाद्या बोल्टवर कसा, चासीवर नाही. मागचा अ‍ॅक्सल स्प्रिंगवर सतत वरखाली होतो. सेन्सर चासीला धरला तर पहिल्याच खड्ड्यात बोल्टचं डोकं येऊन त्यावर आदळेल. पट्टी जाड लोखंडाची घ्या. सेन्सरचं तोंड आणि बोल्टचं डोकं यांत दोन मिलिमीटर अंतर ठेवा. शाफ्ट हातानं पूर्ण फिरवून चारही बोल्टवर सेन्सरच्या मागचा छोटा दिवा लागतो आणि मध्ये विझतो, याची खात्री करा. एखादा बोल्ट बुटका असेल तर तिथे दिवा लागणार नाही, मग त्याखाली वॉशर टाकू नका, चारही बोल्ट एकसारखे आणा. हे शाफ्टचे बोल्ट आहेत, चांगल्या ग्रेडचेच घ्यायचे.

वायर अ‍ॅक्सलपासून चासीकडे नेताना मध्ये मोकळा वळसा सोडा, ब्रेकच्या नळीला सोडतात तसा. सायलेन्सरच्या पाइपापासून लांब ठेवा.

फोक्सवॅगन बीटलवाल्यांना हे लागू नाही. तिला प्रोपेलर शाफ्टच नसतो, आणि केबल पुढच्या डाव्या चाकाच्या हबमधून निघते. तिथे चाकाकडे सेन्सर बसवावा लागतो.

दोन आकडे काढा

सगळं काम दोन आकड्यांवर उभं आहे. एक, गाडी किलोमीटरभर गेली की सेन्सर किती पल्स (सिग्नलचे ठोके) देतो. दोन, मीटरच्या दांडीला किलोमीटरमागे किती फेरे हवेत.

पहिला आकडा काढायला टायरमध्ये नेहमीची हवा भरा, टायरवर आणि जमिनीवर खडूनं खूण करा, गाडीत एक माणूस बसवा आणि सपाट जागी गाडी ढकला. चाकाचे पाच फेरे झाले की टेपनं अंतर मोजून पाचानं भागा. टायरचा नुसता व्यास मोजून परीघ काढू नका, गाडीच्या वजनानं टायर दबतो आणि उत्तर जास्त येतं. ढकलतानाच दुसऱ्या कुणाला तरी खाली वाकून प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजायला सांगा.

फेरे मोजायला गाडी ढकलायचाच आग्रह का, तर जॅकवर एकच चाक उचललं की डिफरन्शिअल फसवतं. एक चाक जमिनीवर अडलेलं असताना उचललेलं चाक दुप्पट फिरतं, म्हणजे तुमचं गुणोत्तर निम्मं येतं. जॅकच वापरायचा असेल तर दोन्ही चाकं उचला आणि दोन्ही बरोबर फिरवा. गाडी स्टँडवर ठेवल्याशिवाय खाली जाऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

समजा चाकाच्या एका फेऱ्यात गाडी 1.90 मीटर गेली, आणि चाकाच्या दहा फेऱ्यांत शाफ्टचे 43 फेरे झाले. किलोमीटरमध्ये चाकाचे साधारण 526 फेरे, त्याला 4.3 नं गुणलं की शाफ्टचे 2,263 फेरे. चार बोल्ट, म्हणून किलोमीटरमागे सुमारे 9,050 पल्स. साठच्या वेगाला गाडी मिनिटाला एक किलोमीटर जाते, म्हणजे सेकंदाला 151 पल्स. शंभरला 251. आपला सेन्सर हे सहज पेलतो.

दुसरा आकडा पुष्कळदा डायलवरच असतो. ब्रिटिश स्मिथ्स कंपनीच्या मीटरवर तळाशी बारीक अक्षरात 1000, 1184 असा आकडा असतो. तो मैलामागचे फेरे सांगतो. त्याला 1.609 नं भागा. 1000 असेल तर किलोमीटरमागे 621 फेरे. जर्मन व्हीडीओ कंपनीच्या डायलवर ‘डब्ल्यू’पुढे 1.0 किंवा 0.773 असा आकडा दिसतो. ते एक मीटर अंतरामागचे फेरे.

आकडा नसेल किंवा पुसला असेल तर ड्रिल मशीन लावा. जुन्या केबलच्या आतल्या तारेचा वीतभर तुकडा ड्रिलच्या चकमध्ये पकडा, चौकोनी टोक मीटरमध्ये घाला आणि हळू सुरू करा. काटा उलटा दाबला गेला किंवा किलोमीटर मागे जायला लागले तर लगेच थांबा आणि ड्रिलची दिशा बदला. काटा बरोबर साठवर स्थिर झाला की टॅकोमीटरनं ड्रिलचे मिनिटाचे फेरे मोजा. साठला मिनिटाला एक किलोमीटर, म्हणून तोच आकडा किलोमीटरमागच्या फेऱ्यांचा. ड्रिलच्या डब्यावर छापलेल्या आरपीएमवर विसंबू नका. आणि मीटर वर्षानुवर्षं कोरडा पडला असेल तर आधी दांडीच्या बुशमध्ये घड्याळाच्या तेलाचा एक थेंब टाका, नाहीतर चुकीच्या आकड्यावर पुढचं सगळं रचाल.

एक गोष्ट इथे नवख्यांची हमखास गल्लत करते. मीटरमधली केबल काढून, गाडी ढकलून केबलचे फेरे मोजले तर तो सध्याच्या गिअरबॉक्सचा आकडा मिळतो, मीटरचा नव्हे. गिअरबॉक्स बदललेल्या गाडीत हे दोन वेगळे असणार, म्हणून तर आपण हे करतोय.

मोटर आणि कंट्रोलर

बारा व्होल्टची, एन्कोडर (मोटरचे फेरे मोजणारा भाग) असलेली छोटी डीसी मोटर घ्या. शंभरच्या वेगाला आपल्या उदाहरणात दांडीला मिनिटाला 1,035 फेरे लागतात, त्यामुळे पंधराशेच्या आसपास फिरणारी मोटर पुरते. मीटर फिरवायला ताकद फार लागत नाही. स्टेपर मोटरही चालते, पण तिची घरघर डॅशबोर्डच्या पत्र्यात घुमते आणि काटा बारीक कापतो, म्हणून मी ती टाळतो.

मोटर थेट मीटरच्या पाठीला टांगू नका. जुन्या केबलचा फूटभर तुकडा, बाहेरच्या नळीसकट, मधे ठेवा. मीटरकडचं टोक मूळ चकतीनं बसतं, दुसरं टोक पितळी कपलिंगनं मोटरच्या दांडीवर. हा तुकडा थोडा लवचिक असल्यानं मोटरचे झटके मीटरपर्यंत जात नाहीत. मोटर हीटरच्या डब्याशेजारी, पॅसेंजरच्या बाजूला रबरावर बसवा.

कंट्रोलरला अर्डुइनो नॅनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड पुरतो. त्यानं एका पिनवर सेन्सरचे पल्स मोजायचे, त्यावरून वेग काढायचा, वेगाला किलोमीटरमागच्या फेऱ्यांनी गुणून साठानं भागायचं, आणि एन्कोडर पाहत मोटर त्या फेऱ्यांवर आणायची. सेकंदात किती पल्स आले हे मोजण्याऐवजी दोन पल्समधला वेळ मोजा, नाहीतर कमी वेगात काटा पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. तेही एकेका पल्सचं नाही. शाफ्टच्या पूर्ण फेऱ्याचे चार पल्स एकत्र धरा. बोल्ट कधीच अगदी समान अंतरावर नसतात, आणि चारांची सरासरी घेतली की ती तफावत आपोआप जाते. एक सेकंद पल्स आला नाही तर वेग शून्य धरून मोटर थांबवा.

सेन्सर बारा व्होल्टवर आणि नॅनो पाच व्होल्टवर. काही सेन्सरच्या सिग्नलच्या वायरवर आतूनच बारा व्होल्ट आलेले असतात, ते थेट नॅनोला गेले की तो मेला. मधे पीसी817 ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पुढे देऊन दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा भाग) घाला आणि निश्चिंत व्हा.

गाडीची वीज

टेबलावर छान चाललेलं सर्किट गाडीत दोन दिवसांत जळतं, ते इथे. जुन्या गाडीचा डायनामो किंवा आल्टरनेटर, रिले, हॉर्न सगळे मिळून वायरिंगमध्ये मोठे झटके सोडतात. उलट सेल्फ मारताना व्होल्टेज आठ-नऊपर्यंत पडतं. म्हणून इग्निशननंतरच्या फ्यूजवरून वेगळी वायर घ्या, तिच्यावर दोन अ‍ॅम्पिअरचा फ्यूज, मग उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड, मग झटके गिळणारा टीव्हीएस डायोड, आणि त्यानंतर व्होल्टेज उतरवणारा पाच व्होल्टचा बक कन्व्हर्टर. या सगळ्याला चहाच्या दोन कपांइतकाही खर्च येत नाही असं म्हणणार नाही, पण नवा नॅनो आणि नवी मोटर घेण्यापेक्षा स्वस्त पडतो.

काटा इंजिनच्या रेसबरोबर उड्या मारत असेल तर तो इग्निशनचा गोंधळ आहे. सेन्सरची वायर शील्डवाली घ्या, शील्डला फक्त कंट्रोलरकडे अर्थिंग द्या, आणि प्लगच्या वायरींपासून दूर न्या. रेझिस्टर असलेले प्लग टाकले तरी बराच फरक पडतो.

आणि काहीही जोडण्याआधी बॅटरीची कुठली बाजू बॉडीला जोडलेली (अर्थ) आहे ते मल्टिमीटरनं पाहा. साठच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असतं. अशा गाडीत हे सर्किट जसंच्या तसं लावलं तर काय होईल ते सांगायला नको.

आतलं खरंच गेलं असेल तर

मग स्टेपर. गाडीचा स्वतःचा मीटर उघडू नका. जुन्या बाजारातून तसाच एक बंद मीटर आणा, प्रयोग त्याच्यावर. काटा काढायला डायलवर जाड कागद ठेवा, काट्याच्या दोन्ही बाजूंनी चहाचे दोन चमचे सरकवा आणि एकदम सारखा दाब देऊन सरळ वर उचला. तिरका ओढलात तर दांडी वाकते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराच्या मीटरवर अंधारात चमकणारा रंग असेल तर तो खरवडू नका, त्यात रेडियम असू शकतं.

आत एक्स27.168 ही मोटर बसते, नव्या गाड्यांच्या मीटरमध्ये असते तशीच. ती 315 अंश फिरते, अंशाच्या तिसऱ्या भागाइतकं एक पाऊल टाकते, आणि इतका कमी करंट घेते की नॅनोच्या पिनांवर थेट चालते. सुरू होताना तिला एकदा मागे, शून्याच्या अडसरापर्यंत नेऊन आणायचं, मग काटा कुठे आहे ते तिला कळतं. डायलवरचे आकडे समान अंतरावर असतीलच असं नाही. दर दहाच्या खुणेला किती पावलं लागतात याची यादी करून प्रोग्राममध्ये भरा. काटा गोल न फिरता पट्टीवर सरकणारा मीटर असेल तर हा रस्ता सोडा, पाठीमागे मोटर बसवण्याचा पहिलाच धरा.

किलोमीटरचे आकडे या पद्धतीत थांबतात. खिडकीमागे छोटा ओएलईडी पडदा लावून ते दाखवता येतात, पण साठवायचे कुठे याचा विचार करा. नॅनोच्या आतल्या ईईप्रॉमची (वीज गेली तरी आकडा टिकवणाऱ्या मेमरीची) एक जागा लाखभर वेळा लिहिण्याची हमी असते. दर शंभर मीटरला त्याच जागी लिहिलंत तर दहा हजार किलोमीटरमध्ये ती संपली. एफरॅमचं (त्याहून कितीतरी जास्त वेळा लिहिता येणाऱ्या मेमरीचं) मॉड्यूल लावा. जुना आकडा लिहून, फोटो काढून कागदपत्रांसोबत ठेवा आणि नवा मीटर तिथूनच सुरू करा. विकताना आकडा कमी दाखवणं ही सरळ फसवणूक आहे.

रस्त्यावर जुळवणी

शेजारी कुणालातरी बसवा, फोनवरचं जीपीएस त्याच्या हातात. सरळ, मोकळ्या रस्त्यावर साठ धरून ठेवा. मीटर साठ आणि फोन 57 म्हणत असेल तर पल्सच्या आकड्याला 60 नं गुणून 57 नं भागा. मग रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर दहा किलोमीटर जाऊन आकडे पडताळा.

काटा अगदी तंतोतंत जुळवायच्या मागे लागू नका. मीटरनं खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये, हा अनेक देशांतला नियम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 39 क्रमांकाच्या नियमानुसार खरा वेग साठ असताना मीटरनं साठ ते सत्तरच्या मध्ये दाखवलेलं चालतं. दोन-तीन किलोमीटर जास्तच ठेवा. टायर झिजला की परीघ कमी होऊन हा फरक वाढतो. नवे टायर टाकले की मोजणी पुन्हा करा.

गाडी पन्नास वर्षांपुढची असेल आणि 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेत विंटेज नोंदणी करायची असेल, तर ती मूळ स्वरूपात असणं ही अट आहे. मोटरच्या पद्धतीत मूळ मीटर आहे तसाच राहतो, त्यामुळे तिथे अडचण यायचं कारण नाही. तरी काढलेली केबल, तिच्या चकत्या आणि गिअरबॉक्सकडचा छोटा गिअर एका पिशवीत घालून डिकीत ठेवा, आणि सर्किटचं चित्र व ते दोन आकडे एका कागदावर लिहून त्याच पिशवीत टाका. पुढच्या मेकॅनिकला डॅशबोर्डखालची मोटर कशासाठी आहे ते कळलं नाही, तर तो ती पहिली कापतो.